गिरणीचं छप्पर आणि विजेचा हिशेब

ईस्टर्न फ्रीवेवरून शिवडीकडून रे रोडच्या दिशेने येताना खाली बघावं. गोदामांची, वर्कशॉपची, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटींची छपरं पसरलेली दिसतात. काही गंजलेल्या पत्र्याची, काही काळवंडलेल्या सिमेंटच्या पत्र्याची, मधूनच एखादं कौलारू. त्यांच्यापलीकडे काळाचौकी, लालबाग आणि आता त्यांच्या डोक्यावरून वाढलेले टॉवर. मुंबईच्या ऊर्जेबद्दल लिहिणारे बहुतेक लोक टॉवरकडे बघतात. मला त्या बसक्या छपरांबद्दल लिहायचं आहे. जुनी औद्योगिक इमारत न पाडता तिचा विजेचा खर्च जवळपास शून्यावर आणता येईल का, हा प्रश्न आज युरोपात कायद्याचा झाला आहे आणि आपल्याकडे परिसंवादांचा. त्याचं मुंबईपुरतं उत्तर मात्र या छपरांत दडलं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी ‘जवळपास शून्य’ म्हणजे काय ते पाहू. इमारत वीज वापरतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. आधी तिची गरज शक्य तितकी खाली आणायची आणि उरलेली गरज वर्षभराच्या हिशेबात तिथल्या तिथे किंवा जवळपास तयार झालेल्या अक्षय ऊर्जेतून भागवायची, असा तो अर्थ आहे. युरोपीय संघाने 2010 च्या निर्देशात ही कल्पना कायद्यात आणली आणि 2020 संपल्यावर प्रत्येक नवी इमारत अशीच हवी, असं ठरवलं. 2024 च्या सुधारित निर्देशात नजर जुन्या इमारतींकडे वळली. निवासी नसलेल्या इमारतींपैकी सर्वांत वाईट कामगिरीच्या 16 टक्के इमारती 2030 पर्यंत आणि 26 टक्के 2033 पर्यंत सुधारायच्या, असं बंधन आलं. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं ‘शून्य’ नावाचं मानांकन आहे. वर्षाला दर चौरस मीटरमागे निव्वळ वापर 0 ते 10 युनिटांच्या आत असेल तर ‘शून्य’, आणि इमारत वापरते त्यापेक्षा जास्त वीज देत असेल तर ‘शून्य प्लस’. हा 10 चा आकडा लक्षात ठेवावा, पुढचा सगळा हिशेब त्याच्याशीच आहे.

गिरणगावाला हे काम नवं नाही. ऊर्जेचा मूळ स्रोत बदलून चालू कारखाना नव्याने जुळवण्याचा मोठा प्रयोग याच भागात शंभर वर्षांपूर्वी झाला. 1854 मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं, तेव्हापासून पुढची साठ वर्षं गिरणी म्हणजे कोळसा, बॉयलर, वाफेचं इंजिन आणि चिमणी. एका अजस्र इंजिनावरून दोर निघायचे, ते मजल्यामजल्यावरच्या लोखंडी दांड्या फिरवायचे आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्रावर उतरायचे. मग 1915 मध्ये खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावर तलावांत साठलेलं पावसाचं पाणी खाली खोपोलीत पडू लागलं आणि त्याची वीज तारांवरून परळ-लालबागच्या गिरण्यांत येऊ लागली. भिवपुरी आणि भिरा त्यानंतर आली. वाफेवर चालणाऱ्या इमारतींत मोटारी बसल्या, कोळशाचे ढीग हलले. भिंती त्याच, कैच्या त्याच, आत चालणारी ताकद मात्र सह्याद्रीवरच्या पावसाची. तेव्हा ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडी नव्हता. मालकांनी हे कोळशाचा खर्च वाचवायला केलं, पण केलं. जुन्या इमारतीत असलं काही बसत नाही, हे ऐकलं की मला खोपोलीची आठवण होते.

आता छपराकडे. कापडगिरणीत सूतकताईची खाती बहुमजली इमारतीत चालत, पण साचेखातं, म्हणजे विणकामाच्या मागांचा विभाग, बहुधा जमिनीवर, एकमजली शेडमध्ये असे. शेकडो साचे एका वेळी धोटा इकडून तिकडे फेकायला लागले की त्यांचा हादरा वरच्या मजल्यांना झेपत नसे, म्हणून ही रचना. एवढ्या रुंद शेडच्या मध्यापर्यंत खिडकीचा उजेड पोचत नाही. त्यासाठी छप्पर करवतीच्या दात्यांसारखं केलं जाई. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, उतरती बाजू बंद आणि तोंड दक्षिणेला. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंतचा काळ सोडला तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच झुकलेला असतो आणि त्या सोडलेल्या काळातले बरेच दिवस ढगात जातात. त्यामुळे काचेतून थंड, सावली न पाडणारा उजेड आत येई आणि विणकराला तुटलेला धागा दिसे.

लँकशायरहून आलेली ही रचना सौर पॅनेलसाठीच केली होती की काय, असं आज वाटतं. मुंबईत पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे 20 अंशांच्या उतारावर बसवावं लागतं. सपाट गच्चीवर त्यासाठी लोखंडी सांगाडा उभारावा लागतो आणि एका रांगेची सावली पुढच्या रांगेवर पडू नये म्हणून मध्ये जागा सोडावी लागते. करवती छपराच्या बंद बाजू मुळातच दक्षिणेकडे उतरत्या. उजेड उत्तरेकडून फुकट, वीज दक्षिणेकडून. दिवसा दिवे नकोत आणि दिव्यांची उष्णताही नको.

पण सगळ्यांत निर्णायक गोष्ट वेगळीच आहे. छप्पर किती मजल्यांत वाटलं जातं, हा खरा प्रश्न आहे. एक किलोवॅट पॅनेलला मोकळी, विनासावलीची साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि मुंबईत ते वर्षाला 1400 युनिटांच्या आसपास वीज देतं. म्हणजे छपराच्या एका चौरस मीटरमागे 140 युनिट. एकमजली शेडमध्ये हे सगळे 140 युनिट खालच्या एकाच चौरस मीटर जमिनीला मिळतात. चार मजली इस्टेटीत मजल्यामागे 35. वीस मजली टॉवरमध्ये 7. आता मागणीची बाजू. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेतल्या, निम्म्याहून जास्त वातानुकूलित कार्यालयाला ब्यूरोच्या तारांकन योजनेत पाच तारे मिळवायला वर्षाला दर चौरस मीटर 100 युनिटांच्या खाली यावं लागतं. पाच ताऱ्यांचा टॉवर घेतला तरी त्याचं स्वतःचं छप्पर त्याच्या गरजेचा दहावा हिस्साही भागवू शकत नाही. कुठलाही वास्तुविशारद किंवा कुठलीही काच हे गणित फिरवू शकत नाही.

गेल्या तीस वर्षांत गिरणगावात काय घडलं ते या गणिताच्या उजेडात बघवत नाही. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर 58 गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन हळूहळू मोकळी होत गेली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 क्रमांकाचा नियम, 1996 मध्ये नेमलेली चार्ल्स कोरिया समिती, 2001 मधला बदल, 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ही सगळी चर्चा जमीन कुणाला किती, यावर झाली. ती व्हायलाच हवी होती, कारण अडीच लाख कामगारांच्या घरांचा प्रश्न तिच्यात होता. पण छपरांची बाजू मांडायला कुणी नव्हतं. स्वतःपुरती वीज स्वतः करू शकतील अशा, मुंबईत सर्वांत योग्य असलेल्या एकमजली शेड आपण पाडल्या आणि जिथे ते कधीच शक्य होणार नाही अशा इमारती तिथे बांधल्या. पाडलेल्या दगड-विटा-लोखंडात आधीच खर्च झालेली ऊर्जा डेब्रिसच्या ट्रकमधून गेली, नव्या सिमेंट-पोलादाची वर आली.

तरी सगळंच गेलेलं नाही. काळाचौकीच्या आसपास गाळे आहेत: छपाई, बाइंडिंग, खोके, पत्र्याचं काम, शिलाई. एप्रिलमध्ये दुपारी दोनच्या सुमारास अशाच एका इस्टेटीतल्या सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या बाइंडिंगच्या गाळ्यात मी दोन तास बसलो होतो. गच्चीच्या एका भागावर नंतर शेड चढवलेली, तिच्यावर सिमेंटचा पत्रा. आत आठ पंखे फिरत होते. सुई ओवणाऱ्या मावशींनी पदर डोक्यावर घेतला होता, ऊन नव्हतं तरी. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वरून तापतंय बघा दादा, पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो.” स्टुलावर चढून मी पत्र्याखाली हात नेला, टेकवला नाही, नुसता नेला. तव्याखाली धरल्यासारखी धग लागत होती.

मालकांनी बेस्टची बारा महिन्यांची बिलं बिस्किटाच्या डब्यातून काढून दिली. बिलांवरून ढोबळ कल्पना आली आणि मग आम्ही वस्तू मोजल्या. सुमारे हजार चौरस फुटांचा, म्हणजे 93 चौरस मीटरचा गाळा. जुन्या चोकच्या 10 ट्यूबलाइट, प्रत्येकी 52 वॅट. आठ जुने पंखे, प्रत्येकी 75. मिळून 1120 वॅट. रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर 3360 युनिट, म्हणजे चौरस मीटरमागे 36. ट्यूबच्या जागी 20 वॅटचे एलईडी आणि पंख्यांच्या जागी 30 वॅटचे बीएलडीसी बसवले तर तोच भार 440 वॅटवर येतो आणि वर्षाचे युनिट 1320, चौरस मीटरमागे 14. आता चार मजली इस्टेटीची गच्ची आठवा. टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याचं डोकं सोडून निम्मी गच्ची जरी पॅनेलला मिळाली तरी मजल्यामागे 17 युनिट. चौदाची गरज, सतराचा पुरवठा. कागदावर बाइंडरचा गाळा ‘शून्य प्लस’ होतो, समुद्राकडे तोंड केलेलं वातानुकूलित कार्यालय ‘शून्य’ही होत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी यंत्र धरलेलं नाही. त्याच गाळ्यातल्या कटिंग मशीनची मोटार 3 हॉर्सपॉवरची, म्हणजे सव्वादोन किलोवॅटची आहे. ती दिवसातला निम्मा वेळ पूर्ण भाराने चालली तर एकटीच तीन-साडेतीन हजार युनिट घेईल आणि सगळा तोल बिघडवेल. औद्योगिक इमारतींच्या साहित्यात हा वाद कायम आहे: इमारतीची ऊर्जा आणि कामाची ऊर्जा वेगळी मोजायची की एकत्र? युरोपातले नियम मुख्यतः हवा, पाणी आणि उजेड मोजतात, यंत्र सोडून देतात. मला वाटतं, दोन्ही मोजाव्यात आणि वेगवेगळ्या लिहाव्यात. एकत्र केल्या की कारखानदार हात वर करतो, यंत्र सोडून दिलं की आपण स्वतःला फसवतो. यंत्राच्या बाजूलाही वाव भरपूर आहे. जुन्या, दोन-तीनदा रिवाइंड केलेल्या मोटारी बदलणं, दाबाच्या हवेची गळती बंद करणं, पंख्या-पंपांना वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह लावणं. हवेच्या पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडचा विचार करताना हाच भाग मोठा ठरेल, तिथे दिवे-पंखे दुय्यम आहेत.

दुरुस्तीचा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तो उलटा होतो. आधी पॅनेलवाल्याला फोन जातो. खरं तर आधी ऊन अडवायचं, मग वारा खेळवायचा, मग दिवे-पंखे-मोटारी आणि शेवटी पॅनेल. पत्र्यावर पांढरा परावर्तक लेप दिला की आत येणारी उष्णता लगेच कमी होते. तेलंगण राज्याने 2023 मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच केलं. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी हा आपला जुनाच उपाय. वारा खेळवण्यासाठी छपराच्या कण्याशी झरोके आणि खाली झडपा लागतात, म्हणजे तापलेली हवा वरून निघते आणि तिच्या जागी खालची येते. युरोपातल्या जाड उष्णतारोधक थरांची नक्कल मुंबईत डोळे मिटून करू नये. तिथे उष्णता आत धरून ठेवायची असते, इथे रात्रीही फारशी थंड न होणारी, ओल्या हवेने भरलेली इमारत मोकळी करायची असते. थर लावायचाच तर छपराखाली लावावा आणि तो न पेटणारा, खनिज लोकरीसारखा असावा. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून 14 जणांचा जीव गेला. जुन्या गिरणीच्या जागेत काहीही बसवताना पेटणारं सामान वर चढवू नये, एवढं त्या रात्रीपासून प्रत्येकाला कळायला हवं होतं.

वजन आणि वादळ हे आणखी दोन विषय. पॅनेल आणि त्याचा आधार मिळून चौरस मीटरला साधारण 15 ते 20 किलो भरतं. गिरणीचे मजले अवजड यंत्रांसाठी बांधलेले असले तरी छपराच्या कैच्या तशा नसतात आणि शंभर वर्षांत त्यांना गंजही लागलेला असतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटर नोंदला गेला. सांधे तपासल्याशिवाय, स्ट्रक्चरल ऑडिट केल्याशिवाय वर काही ठेवणं म्हणजे खालच्या माणसांच्या जिवाशी खेळ.

काळाचौकीत या सगळ्याची कसोटी लागेल अशी एक जागा आहे: इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3. ससून घराण्याच्या गिरण्या विकल्या गेल्यावर 1943 मध्ये जो समूह झाला त्यातली ही आवारं. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि इथल्या जमिनीवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेने ठरवलं. संग्रहालय आणि ऊर्जा हा विषय फार नाजूक आहे. साचेखात्यात धागा तुटू नये म्हणून हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागे. यंत्रांच्या उष्णतेने हवा कोरडी पडे, म्हणून पाण्याचे फवारे सोडून तिच्यात ओल घालत आणि कामगार त्या वाफाऱ्यात आठ तास उभे राहत. आता तेच कापड काचेमागे टिकवायचं तर ओलावा पन्नासाच्या आसपास हवा. म्हणजे ज्या इमारतीत एके काळी ओल घातली जाई तिथून ती काढावी लागणार, आणि मुंबईच्या जुलैतल्या हवेतून ओल काढणं हा विजेचा सर्वांत महागडा उद्योग.

याला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या व्हॅन नेले कारखान्याने चांगला मार्ग दाखवला. चहा, कॉफी आणि तंबाखूचा हा काचेच्या भिंतींचा कारखाना 2014 मध्ये जागतिक वारसा झाला. त्याचं कार्यालयांत रूपांतर करताना मूळ पातळ काच बदलली नाही. आतल्या बाजूला थोडं मागे सरून दुसरी काचभिंत उभी केली आणि मधली पोकळी हवामानाची मध्यस्थ झाली. पेटीत पेटी. काळाचौकीत हेच करता येईल. सबंध शेड थंड करायची नाही. जुने साचे, धोटे, चाकं, छायाचित्रांच्या प्रती उघड्या, वारा खेळणाऱ्या शेडमध्ये राहू देत, ती यंत्रं याच हवेत जगलेली आहेत. खरं कापड, कागद आणि नमुन्यांची पुस्तकं तेवढी आत एका घट्ट बंद पेटीसारख्या दालनात. थंड करायची जागा दहाव्या हिश्शावर आली की वरच्या छपराचं गणित पुन्हा जमतं. पावसाळ्यात पॅनेलची वीज निम्म्यावर येते आणि नेमकी तेव्हाच ओल काढायची गरज शिखरावर असते, ही अडचण खरी आहे. तो तुटवडा मार्च-मेमधल्या जादा विजेने नेट मीटरवर भरून काढावा लागेल. वर्षाचा हिशेब म्हणतात तो हाच.

तंत्रापेक्षा गाळ्यांचं घोडं मालकीत अडतं. बऱ्याच जुन्या इस्टेटींत गाळेधारक पागडीचे, इमारत मालकाची, गच्ची सगळ्यांची आणि मीटर ज्याचं त्याचं. पंखा बदलला तर फायदा गाळेधारकाचा, छप्पर रंगवलं तर खर्च मालकाचा आणि गारवा भाडेकरूचा. पुनर्विकास कधीही येईल या आशेवर किंवा भीतीवर कुणीच दहा वर्षांचा विचार करत नाही. ऊर्जा संवर्धनाची संहिता 2007 मध्ये आली, 2017 मध्ये सुधारली, पण तिचा रोख मुख्यतः 100 किलोवॅट किंवा अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींवर. बाइंडरचा गाळा तिच्या नजरेत येतच नाही. महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये जाहीर झाला. त्यात 2050 पर्यंत निव्वळ शून्याचं उद्दिष्ट आहे आणि शहराच्या उत्सर्जनातला 72 टक्के वाटा इमारतींतल्या आणि इतर स्थिर ऊर्जावापराचा असल्याचं म्हटलं आहे. एवढा मोठा वाटा इमारतींचा असेल तर वॉर्डात उभ्या असलेल्या औद्योगिक छपरांची मोजणी हे पहिलं काम असायला हवं: किती क्षेत्र, किती मजले, कुठल्या दिशेला उतार, किती सावली.

सावलीबद्दल तर कुणीच बोलत नाही. जुन्या शेडच्या दक्षिणेला चाळीस मजली टॉवर उभा राहिला की हिवाळ्यात त्याची सावली दिवसाचे मोक्याचे तास शेडच्या छपरावर पडून राहते. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य आकाशात 48 अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे 150 मीटर उंच इमारतीची सावली 130 मीटरपेक्षा लांब जाते. शेजारच्या छपराची वीज हिरावण्याचा हा हक्क टॉवरला कुणी दिला? परवानगी देताना विमानतळ बघतात, रस्त्याची रुंदी बघतात, अग्निशमनाची गाडी फिरेल का ते बघतात. शेजारच्या छपराच्या उन्हाची एक ओळ त्या अर्जात घालायला काहीच हरकत नसावी.

त्या बाइंडिंगच्या गाळ्यात मी मेच्या शेवटी पुन्हा गेलो. पॅनेलचा विषय सोसायटीच्या सभेपुढे जायचा होता. पण मालकांनी तोवर पत्रा पांढऱ्या लेपाने रंगवून घेतला होता आणि चार पंखे बदलले होते. मावशींचा पदर खांद्यावर होता. मी स्टूल मागितलं आणि पत्र्याखाली हात नेला. पत्रा गरम होता, पण या वेळी हात तिथे ठेवता आला.